यादी नको, एक नाव सांगा

गेल्या रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी येऊन पडली. ‘ऐकलेच पाहिजेत असे १०० इंडी अल्बम.’ इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, स्वतंत्रपणे काढलेले. पाठवणारा कॉलेजचा जुना मित्र. मी लगेच फोन लावला. ‘यातले तू कुठले ऐकलेस रे?’ तो म्हणाला, ‘मलाही आत्ताच आलीय. तुला आवड आहे, म्हणून ढकलली पुढे.’

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण जरा हिशेब मांडा. एक अल्बम चाळीस मिनिटांचा धरला तरी हे ६६ तासांहून जास्त ऐकणं झालं. रोज एक म्हटलं तर सव्वातीन महिने. सुरुवात कुठून करायची, यातलं माझ्या कानाला काय मानवेल, यादीत काही लिहिलेलं नव्हतं. पाठवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मी ती यादी पुन्हा उघडली नाही. तुम्हीही तुमच्याकडच्या याद्या उघडत नाही. खरं सांगा.

दोन दिवसांनी भाचीचा मेसेज आला. ती पुण्यात शिकते. मेसेज असा: ‘मामा, “बिस्मिल्ला” हा अल्बम ऐक. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, दिल्लीचा बँड आहे. सुरुवातीला तुला वाटेल, हा माणूस जुन्या इंग्रजी सिनेमातल्यासारखा का गातोय. तरी “मेमरी बॉक्स” येईपर्यंत थांब. मग मला फोन कर.’

शिफारस म्हणतात ती ही. नाव आहे, गाव आहे. मी कुठे कंटाळून बंद करीन ते तिला माहीत आहे आणि कुठवर टिकलो तर अडकीन तेही. शेवटी फोन कर म्हणून सांगितलंय, म्हणजे ती माझ्या ऐकण्याची वाट बघतेय. एवढं शंभर नावांना जमलं नाही.

* * *

आता नव्या गाण्यांचा शोध आपण यंत्रावर सोपवलाय. स्पॉटिफायने २०१५ साली दर सोमवारी ३० गाण्यांची ताजी थाळी वाढायला सुरुवात केली. त्यामागचं सूत्र ढोबळमानाने असं: तुमच्यासारखं ऐकणारे लोक शोधायचे, त्यांनी ऐकलेलं आणि तुम्ही न ऐकलेलं तुमच्या पुढ्यात ठेवायचं. वाईट नाही. मलाही यातून चार चांगले बँड सापडलेत. पण यंत्राचा सगळा भर ‘सारखं’ या शब्दावर. तुम्हाला जे आवडतं त्याच्या आसपासचंच ते आणून देतं. भाचीने मला माझ्या आसपासचं दिलं नाही. मी तिथवर एकटा कधी गेलो नसतो, म्हणून तिने हात धरला.

आणखी एक. या जगात गाणं ‘ऐकलं’ असं धरायला ३० सेकंद पुरतात. एकतिसाव्या सेकंदाला तुम्ही उडवलं तरी मोजणीत आलं. मग गाणी बनवणाऱ्यांनी काय करावं? आलाप छाटायचा, सुरुवातीची शांतता छाटायची, मुखडा थेट दारात उभा करायचा. ‘मेमरी बॉक्स’ आठ मिनिटांच्या घरातलं गाणं आहे. तीस सेकंदांच्या तराजूत त्याचं वजन काय येणार?

आणि पैशाचं ऐका. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही कुणी ऐकलेलं नाही, त्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळणं बंद झालं. ऐकणारे वेगवेगळे असावेत अशीही अट आहे. म्हणजे एकट्याने रात्रभर लावून ठेवून भागत नाही, माणसंच लागतात. किती? नुसता आकडा धरला, तर वीस माणसांनी आठवड्यातून एकदा ऐकलं की वर्षाचे १,०४० होतात. वीस माणसं! सोसायटीच्या गणपतीला संध्याकाळच्या आरतीला याहून जास्त उभी असतात. एखाद्या पोराचं गाणं हिशेबात धरायचं की कचऱ्यात, हे वीसजणांच्या हातात आहे. त्या वीसजणांना सांगणारा एक कुणीतरी लागतो. तो तुम्ही का नाही?

* * *

कुणी म्हणेल, चांगलं असेल तर आपोआप वर येतं. आपोआप काही वर येत नाही. कुणीतरी वर आणतं.

कॅनडातल्या कॅलगरीचे पॅट्रिक फ्लेगल ‘सिंडी ली’ या नावाने गातात. मार्च २०२४ मध्ये त्यांनी ‘डायमंड ज्युबिली’ हा अल्बम काढला. ३२ गाणी, दोन तास. तेव्हा स्पॉटिफायवर ठेवला नाही, गाण्यांच्या कुठल्याच अ‍ॅपवर ठेवला नाही. यूट्यूबवर दोन तासांची एक सलग फाइल आणि इंटरनेटच्या बाल्यावस्थेत असायची तसली एक साधी वेबसाइट. तिथून उतरवून घ्या, जमलं तर ३० डॉलर पाठवा. एवढंच. जाहिरात नाही, सिंगल नाही, रील नाही. स्पॉटिफायच्या यंत्राला तो अल्बम दिसणंच शक्य नव्हतं.

मग तो पसरला कसा? ऐकलेल्याने न ऐकलेल्याला सांगितलं. एप्रिलमध्ये ‘पिचफोर्क’ या वेबसाइटने दहापैकी ९.१ गुण देऊन त्यावर सविस्तर लिहिलं. हे ‘पिचफोर्क’ १९९६ पासून नव्या अल्बमांवर लिहीत आलेलं. आणि त्याच वर्षी जानेवारीत मालकांनी ते पुरुषांच्या फॅशनच्या एका मासिकाच्या छत्राखाली नेलं, लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना घरी पाठवलं. ज्या कामाची माणसं कमी केली, तेच काम तीन महिन्यांत जगाला उपयोगी पडलं. पूर्ण दोन तास कान देऊन ऐकणारा आणि का ऐकावं हे लिहिणारा माणूस. त्याला पर्याय अजून निघालेला नाही.

बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील नावाचा निवेदक १९६७ पासून २००४ मध्ये जाईपर्यंत हेच करत होता. घरी येणाऱ्या टेपा ऐकायच्या, आवडलेली लावायची. १९७८ साली उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरातल्या ‘अंडरटोन्स’ या पोरांच्या बँडचं गाणं त्याने लावलं आणि संपल्या संपल्या पुन्हा लावलं. लागोपाठ दोनदा. त्या दुसऱ्या वेळेत शिफारशीचं सगळं शास्त्र आहे. आपल्याला स्वतःला पुन्हा ऐकावंसं वाटलं, तरच दुसऱ्याला सांगावं.

* * *

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या शेजारी, गोव्यात, बार्देशातल्या शिवोली गावात १९८४ साली हेच घडलंय. रेमो फर्नांडिस तेव्हा एकतीस वर्षांचे. मुंबईत आर्किटेक्चर शिकून, युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घालून गावी परतलेले. त्यांनी घरातच, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डरवर, ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम मुद्रित केला. गाणी त्यांची, वाद्यं त्यांनीच वाजवलेली, आवाज त्यांचे, कव्हर त्यांनीच काढलेलं. चार ट्रॅक म्हणजे काय? एका वेळी एकच वाद्य वाजवायचं, टेप मागे न्यायची, ते ऐकत ऐकत दुसरं वाजवायचं. एका माणसाने असा अख्खा बँड उभा केला. मग कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर लादून गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः नेऊन दिल्या. पुढे २००७ साली पद्मश्री मिळाली, ती याच माणसाला.

‘डायमंड ज्युबिली’ आणि ‘गोअन क्रेझी’ यांच्यात बरोबर चाळीस वर्षांचं अंतर. दोघांनीही मधल्या दलालाला बाजूला ठेवलं. एकाचं काम वेबसाइटपाशी संपत होतं, दुसऱ्याचं स्कूटर दुकानापाशी थांबली तिथे. तिथून पुढचं, म्हणजे तिथपासून तुमच्या घरापर्यंतचं अंतर, ऐकणाऱ्यांनी कापलं. एकाने घेतली, दुसऱ्याला ऐकवली, तिसऱ्याने मागून नेली. कलाकार सगळं एकट्याने करू शकतो. हे एक काम त्याला एकट्याने करता येत नाही.

* * *

आपल्याला हे नवं नाही. माझ्या वडिलांकडे बुटांच्या खोक्यात कॅसेटी असायच्या. निम्म्या विकतच्या, निम्म्या कुणाकुणाच्या घरच्या मैफलींवरून उतरवून घेतलेल्या. नकलेची नक्कल झाल्यामुळे सुरांमागे सतत सूं सूं असा आवाज. त्यातली एक अजून माझ्याकडे आहे. आतल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर वडिलांच्या बँकेतल्या सहकाऱ्याने निळ्या बॉलपेनने लिहिलंय: ‘बाजू दुसरी. तंबोरे लावतानाची पाच मिनिटं पुढे ढकलू नयेत. त्यातूनच पुढचं उमगतं.’ खाली सही नाही, तारीख आहे. मी ती पाच मिनिटं आजही ढकलत नाही. त्या गृहस्थांना मी पाहिल्याचं आठवत नाही, पण त्यांनी सांगितलेलं पाळतो.

दुकानंही अशीच होती. पुण्यात कर्वे रस्त्यावर अलूरकर, मुंबईत काळाघोड्याला ऱ्हिदम हाऊस. काउंटरपलीकडचा माणूस आधी विचारायचा, ‘तुम्ही ऐकता काय?’ उत्तरावरून हात कुठल्या फळीकडे जाणार ते ठरायचं. ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. सीडी मागे पडल्या म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. पण ‘तुम्ही ऐकता काय?’ हा प्रश्न दुकानाबरोबर गेला, त्याचं वाईट वाटतं. तो प्रश्न विचारायला दुकान लागत नाही, फुकट विचारता येतो. आपण तोही विचारत नाही.

* * *

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका कॅफेत चार मुलांचा बँड ऐकला. मराठी गाणी, त्यांचीच. गिटार, बेस, ड्रम आणि एक मुलगी गाणारी. दुसऱ्या गाण्यात एका ओळीनंतर तिने सगळी वाद्यं थांबवली आणि दोन मात्रा नुसती शांतता ठेवली. बाहेर पत्र्यावर पडणारा पाऊस तेवढा ऐकू आला. मग बेस परत आला. अंगावर काटा आला माझ्या.

तिसरं गाणं संपल्यावर मॅनेजर जाऊन तिच्या कानाशी काही बोलला. त्यानंतर तासभर ओळखीची सिनेमाची गाणी. टेबलांवरचे मोबाइल तेव्हा वर झाले. माझ्यासकट एकालाही उठून म्हणावंसं वाटलं नाही, की तुमचीच गाणी म्हणा, आम्ही ती ऐकायला बसलोय. मराठीत नवं काही होत नाही, ही ओरड मी त्याच टेबलांवर ऐकलीय. होतंय. आपण त्याला तिसऱ्या गाण्यानंतर गप्प करतो.

‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये गाजलं. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर या दोघांचं मराठी हाऊस संगीत, नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ने काढलेलं. पंधरा सेकंदांचा तुकडा सगळ्यांना पाठ. ज्यांना पाठ आहे त्यांनी या दोघांचं दुसरं एक गाणं सांगावं. ‘अभंग रिपोस्ट’ संतांचे अभंग बेस गिटार आणि ड्रमवर गातात. त्यांची क्लिप पुढे पाठवणारे माझ्या ओळखीत पन्नास असतील, कार्यक्रम पुरा ऐकलेले दोन. तुकडा पुढे ढकलणं म्हणजे शिफारस केली, हा समज आपण डोक्यातून काढला पाहिजे.

* * *

तर माझं म्हणणं थोडक्यात.

पूर्ण ऐकल्याशिवाय सांगू नका. अल्बम म्हणजे गाण्यांची पिशवी नव्हे, तिथे क्रम असतो. चौथं गाणं तिसऱ्यामुळे उठतं. करणाऱ्याने तो क्रम लावायला महिने घातलेत, आपण चाळीस मिनिटं घालू.

एका वेळी एकच सांगा. दहा सांगितलेत, तर समोरचा शून्य ऐकतो.

विशेषणं नकोत. ‘कडक आहे’, ‘जबरी आहे’, ‘वेड लागेल’ यांतून काही कळत नाही. जागा सांगा. कुठल्या गाण्यात काय होतं, कुठवर दम धरायचा.

माणूस बघून सांगा. मला जे आवडलं ते माझ्या सासूबाईंना चालेलच असं नाही. पण त्यांच्यासाठी काही ना काही आहे, आणि ते शोधणं माझं काम आहे.

नवा म्हणजे शुक्रवारी निघालेला, असं धरू नका. जगभर २०१५ पासून अल्बम शुक्रवारी निघतात आणि पुढच्या शुक्रवारी शिळे धरले जातात. ‘बिस्मिल्ला’ २०१९ चा. माझ्या कानाला तो गेल्या गुरुवारी नवा होता.

आणि आवडला तर विकत घ्या. बँडकँपसारख्या ठिकाणी डिजिटल अल्बमच्या किमतीतले साधारण १५ टक्के दुकान ठेवतं, व्यवहाराचा खर्च वजा जाऊन बाकीचे करणाऱ्याकडे जातात. तेही दुकान २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा विकलं गेलं आणि दुसऱ्या वेळी निम्मी माणसं गेली. म्हणून दुकानाच्या भरवशावरही राहू नका. कार्यक्रमाला जा, तिकीट काढा, त्यांची स्वतःची गाणी मागा.

* * *

‘बिस्मिल्ला’चं राहिलं. गुरुवारी सकाळी डोंबिवलीहून फास्ट पकडली. ठाण्याला टेकायला जागा मिळाली तेव्हा सुरू केला. भाची म्हणाली होती तस्सं झालं. सूर्यकांत साहनी गातो तो आवाज जाड, सावकाश, हॉटेलच्या डान्स फ्लोअरवरचा वाटतो. मुलुंडपर्यंत मी दोनदा बंद करायला निघालो. मग ट्रम्पेट ऐकू आले आणि मला आमच्या गावचा लग्नाचा बँड आठवला. नवरदेव घोड्यावरून उतरून मांडवात गेल्यावर, कुणी बघत नसताना, तो बँड स्वतःसाठी एक गाणं वाजवायचा. तसं वाजतंय हे. गर्दी ओसरल्यानंतरचं. ‘फ्लोटेड बाय’चा व्हिडिओही साहनीच्या स्वतःच्या लग्नात चित्रित झालेला, हे नंतर कळलं.

‘मेमरी बॉक्स’ लागलं आणि दादर आलं. पाय ठेका धरण्यात गुंतलेले, लोक मागून रेटताहेत. उतरलो, जिन्याकडे न जाता बाकाशी उभा राहिलो. एक गाडी गेली, दुसरी आली, गाणं चालूच. संपल्यावर तिथूनच भाचीला फोन लावला. ती वर्गात होती, बाहेर येऊन बोलली. पहिलाच प्रश्न: ‘थांबलास ना?’

‘थांबलो,’ म्हटलं. ‘दादरला. फलाटावर.’

संध्याकाळी त्या मित्राची यादी आठवली. उत्तर देणं बाकी होतं. हा मित्र मंडळात तबला वाजवतो, भजनाला बसला की तोंडाने बोलही म्हणतो. त्याला ‘बिस्मिल्ला’ पाठवण्यात अर्थ नव्हता. मी लिहिलं: ‘इंडियन ओशनचा “कंदिसा” ऐक, २००० सालचा आहे. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे, तुला हात आणि गळा दोन्ही कळतील. “माँ रेवा”पासून धर, नर्मदेचं गाणं आहे. त्यातलं “कंदिसा” हे गाणं म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, शब्द कळणार नाहीत, आपण आरतीला उभे राहतो तसा उभा राहून ऐक. मग फोन कर.’

दोन दिवस काही नाही. काल रात्री साडेदहाला मेसेज आला: ‘माँ रेवा तीनदा लावलं. बायकोपण ऐकतेय. अजून काय काय आहे रे यांचं? सगळी नावं पाठव.’

मी लिहिलं, ‘आहे. पण आधी हा पुरा ऐक.’